नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही

माउसची बटणं उलटी करता येतात. डावं ते उजवं, उजवं ते डावं. डावखुऱ्यांसाठी.

तिरुनेलवेलीत माणूस गेला की आधी भिंतींना कळतं. पाव्हण्यांना मागाहून.

तमिळमध्ये जन्मतारखेपुढे 'तोट्रम' छापतात. म्हणजे दिसणं. मरणाच्या तारखेपुढे 'मरैवु'. म्हणजे लपणं.

पेच्ची अक्का स्पेसबार डाव्या अंगठ्यानं हाणायची. धप्.

नवी विंडोज एक्सपी बसवायला एकोणचाळीस मिनिटं लागतात, असं पडद्यावर लिहून येतं. लागतात जास्त.

*

हे मला कुणी सांगितलेलं नाही. कीबोर्डवर बोटं माझी होती. म्हणून खोटं म्हणायची सोय माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर वापरा.

मंगळवार, १७ जून २०१४. रात्र नव्हती. दुपारचे सव्वाबारा, आणि रथवीथीतल्या डांबरावर चप्पल चिकटत होती.

मी हणमंत. गाव विट्याजवळचं, पण सहा वर्षांचा असल्यापासून तिरुनेलवेलीत. वडील इथे सोनं गाळायचे. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तरी सगळे मला सेट्टुच म्हणतात, उत्तरेकडून आलेला म्हणून शेठ.

पिच्चैया अण्णाचींचा फोन आला. अण्णाची म्हणजे थोरला भाऊ. त्यांचा छापखाना पहिल्या मजल्यावर. लग्नपत्रिका, आणि भिंतींवर चिकटवायची मेलेल्यांची पोस्टरं.

"सेट्टु, पेच्चीची पेटी बिघडलीय. येऊन जा."

"काय करतेय?"

"फोनवर नको."

अण्णाची फोनवर स्वतःच्या मूळव्याधीबद्दलसुद्धा सविस्तर बोलतात. त्यांनी 'नको' म्हटलं...

मी निघालो.

*

पेच्ची अक्का त्या छापखान्यात टाइप करायची. टाइपरायटरवर शिकलेली बाई. २००३ मध्ये ते मशीन मीच बसवलं, तिच्या मनाप्रमाणे. तमिळ टाइपरायटरचा कीबोर्ड. तिला आवडणारी वळणदार अक्षरं. मागे कोरा राखाडी रंग. माउस डावखुरा. आणि सगळे आवाज बंद.

"इथे रडणारी माणसं बसतात रे," ती म्हणाली होती. "पेटी उघडली की वाजंत्री कशाला?"

अकरा वर्षं ते मशीन मुकं होतं.

अक्का डिसेंबर २०१३ मध्ये गेली. झोपेत. तिच्या जागी अण्णाचींची मुलगी तेन्मोळी बसायला लागली. दिवस राहिल्यापासून माहेरीच असलेली. या जूनमध्ये सातवा महिना. लहानपणी अक्काच्या मांडीवर बसून टाइप शिकलेली पोर. जानेवारीत मी अक्काचं खातं पुसलं आणि तिचं नवं उघडून दिलं.

पोटुशी बाईनं मढ्यांची पोस्टरं करू नयेत, असं निम्मी गल्ली म्हणायची.

"मग तुम्ही मरायचे थांबा," तेन्मोळी सांगायची. "मी तीन महिने सुट्टी घेते."

*

"या सेट्टु अण्णा. लिंबं आणलीत का? अप्पांनी मांत्रिक म्हणून बोलावलंय तुम्हाला."

ती हसत होती. अण्णाची हसत नव्हते.

मी खुर्चीत बसलो. माउसचं डावं बटण दाबलं.

उजव्या बटणाचा मेनू उघडला.

"रोज सकाळी असंच," ती म्हणाली. "मी सरळ करते. दुसऱ्या दिवशी परत डावखुरं. देवीचा फोटो लावते. दुसऱ्या दिवशी परत राखाडी."

मला हायसं वाटलं. हे ओळखीचं दुखणं. जुनं खातं कुठेतरी शिल्लक असणार आणि मशीन तेच उघडत असणार.

मी शोधलं.

खातं एकच होतं. तेन्मोळीचं. अक्काचा फोल्डर नाही, सेटिंग नाही, काहीच नाही.

व्हायरस बघितला. नव्हता.

"एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं नसतं," तेन्मोळी म्हणाली. आता तिचंही हसू गेलं होतं. "पान लावायचं सॉफ्टवेअर उघडा."

मी उघडलं.

कोरं पान यायला हवं होतं...

पोस्टर आलं.

काळी चौकट. वर 'कण्णीर अंजली', अश्रूंची श्रद्धांजली. टिपूस गाळणारा डोळा. फोटोची जागा रिकामी. खाली नाव.

तेन्मो

"रविवारी नुसतं 'ते' होतं. छपाईवाल्यानं चेष्टा केली वाटलं. पुसून टाकलं. काल 'तेन्' होतं. तेही पुसलं. आज..."

तमिळमध्ये तिचं नाव चार अक्षरांचं. ते. न्. मो. ळी.

नावाखाली 'तोट्रम'. पुढे तिची जन्मतारीख. बरोबर.

त्याखाली 'मरैवु'. पुढे काही नाही.

कर्सर तिथे लुकलुकत होता.

*

या छापखान्याची एक रीत आहे. मरणाचं पोस्टर कोऱ्या पानावर कधी सुरू करत नाहीत. कोरं पान लग्नाचं. मरणासाठी आदल्या मेलेल्या माणसाची फाइल उघडायची, त्याच्या नावावर नवं नाव टाइप करायचं आणि वेगळ्या नावानं ठेवून द्यायची. एका मेलेल्यावर दुसरा. अक्का म्हणायची, कोऱ्या पानावर मढ्याचं पहिलं नाव बसवलं की ते पान माणूस मागतं.

मी हसायचो.

आता मी ते 'तेन्मो' कुणाच्या फाइलीवर बसलंय ते बघितलं.

कुणाच्याच नाही. कोऱ्या पानावर सुरू झालं होतं.

*

"फाइल ठेवलीय कुठे पण?" अण्णाचींनी विचारलं.

दिसत नव्हती. मग मला सुचलं. लपवलेल्या फायली दाखवायची खूण असते, ती मी केली.

एक फोल्डर वर आला. फिकट. लपवलेले फोल्डर तसेच दिसतात, अर्धवट पुसल्यासारखे.

नाव होतं 'मरैवु'.

आत दहा फायली.

तीन तेन्मोळीच्या. तिनं पुसलेल्या दोन्ही तिथेच होत्या.

सात जुन्या. पहिली ६ डिसेंबर २०१३ ची. उघडली. काळी चौकट, रिकामा फोटो, आणि एक अक्षर. पे.

७ डिसेंबर. पेच्.

८ डिसेंबर. पेच्चि.

मी थांबलो. तेन्मोळी माझ्या खांद्यावरून वाकली होती. "उघडा," ती म्हणाली.

पेच्चिय. पेच्चियम्. पेच्चियम्मा.

सातवी फाइल १२ डिसेंबरची. पेच्चियम्माळ. नाव पूर्ण. आणि मरैवुपुढे तारीख आलेली.

१२ डिसेंबर २०१३.

त्याच पहाटे अक्का गेली होती.



मग तेन्मोळीनं पडद्यावर बोट ठेवलं. "सहाव्या फाइलीत ओळींमधलं अंतर नीट केलंय बघा. पहिल्या पाचांत वाकडं होतं." तिनं बोट काढून घेतलं. "असं अक्काच करायची. म्हणजे तिला हे दिसत होतं. रोज दिसत होतं... आणि ती वेळेवर कामाला येत होती."

तिचा दुसरा हात पोटावर होता.

मी मनात मोजलं. अक्काची सात अक्षरं, सात दिवस. हिची चार. तीन झाली.

उद्या बुधवार.

*

"पूस," अण्णाची म्हणाले. "सगळं पूस. मुळापासून."

"पत्रिकांची डिझाइनं पेन ड्राइव्हवर घेतो. मग डिस्क साफ करून नवी एक्सपी टाकतो."

"आणि मेलेली माणसं? अकरा वर्षांची पोस्टरं?"

"ती कशाला हवीत?"

"पुढचा माणूस बसवायचा कुणावर मग?"

"अण्णाची, मुलगी मोठी की पोस्टर?"

 आता वाटतं, त्यांचा प्रश्न बरोबर होता.

तेन्मोळीला घरी जायला सांगितलं. ऐकलं नाही. "माझ्या नावाचं पोस्टर आहे, मी नाही तर कोण बघणार?"

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि आम्ही तिघंही दचकलो.

पूक्कारम्मा होती. जिन्याखाली बसून फुलं विकणारी म्हातारी. पूक्कारम्मा म्हणजे फुलवाली बाई. रोज दुपारी वर येऊन माठातलं पाणी प्यायची.

"काय रे सेट्टु, पोरीला उभं ठेवून स्वतः खुर्चीत? तुमच्या मुलखात अशीच रीत का?"

"काम चाललंय, आजी."

"तुझं काम म्हणजे बघत बसणं. माझी बोटं बघ, दिवसात हजार गाठी मारतात." तिनं तेन्मोळीच्या गालाला हात लावला. "तोंड का उतरलंय गं? जेवलीस का? बापाला सांग, भात घाल म्हणावं, शाई नको."

पाणी पिऊन ती खाली गेली. तिच्या मागे मोगऱ्याचा वास थोडा वेळ राहिला.

मी सीडी घातली.

जुन्या डिस्कचा भाग पुसायला आधी 'डी' दाबावं लागतं. मग मशीन विचारतं, नक्की? मग 'एल'.

डी.

एल.

अकरा वर्षांची मेलेली माणसं गेली.

३९ मिनिटं

निळा पडदा. कोपऱ्यात उरलेली मिनिटं. मधोमध नव्या सोयींच्या जाहिराती, दहा वर्षं शिळ्या.

अण्णाची फेऱ्या मारत होते. तेन्मोळी स्टुलावर बसली होती.

"लाथ मारतेय," ती म्हणाली.

"कोण?" मी ओरडलोच.

"बाळ हो, सेट्टु अण्णा. तुम्ही पाणी प्या."

३४ मिनिटं

धप्.

मी कीबोर्डकडे बघितलं. माझे हात मांडीवर होते.

तेन्मोळी दूर होती. अण्णाची खिडकीत.

"लाकूड वाजलं असेल," मी म्हणालो. "उन्हानं."

धप्.

या वेळी तिघांनीही बघितलं. स्पेसबार... डाव्या टोकाला... खाली जाऊन वर आला.

"अक्का," तेन्मोळी हळूच म्हणाली. हाक मारल्यासारखी.

 पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

३३ मिनिटं

इथे मिनिटं थांबतात. मशीन नाव विचारतं. मालक कोण, ते.

हजारदा बघितलेला पडदा. मी काहीही ठोकून देतो. कुणाचं दुकान असेल त्याचं नाव, नाहीतर नुसतं 'पीसी'.

आज हात उठला नाही.

कोरी डिस्क. कोरा पडदा. आणि पहिलं नाव.

मी चौकट रिकामी ठेवून पुढे जायचं बटण दाबलं. मशीननं अडवलं. नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"बंद करून टाक," अण्णाची म्हणाले.

"परत चालू केलं की परत हेच विचारणार."

तेवढ्यात चौकटीत एक अक्षर उमटलं.

T

मी कीबोर्डला हात लावला नव्हता. मी ते पुसलं.

T... H...

पुसलं.

T... H... E... N...

मी पुसत होतो. ते येत होतं. घाई न करता. दहा बोटांनी शिकलेल्या माणसासारखं, एका लयीत.

"माझंच नाव लिहितेय," तेन्मोळी म्हणाली. रडत नव्हती. दोन्ही हात पोटाभोवती घट्ट. "सेट्टु अण्णा, काहीतरी टाका. दुसरं काहीतरी टाका!"

दुसरं काहीतरी.

खरं सांगतो. माझं स्वतःचं नाव मनात आलं होतं. सात अक्षरं इंग्रजीत. टाइप करायला दोन सेकंद.

बोट गेलं नाही.

"कुप्पै," अण्णाची म्हणाले.

"काय?"

"कुप्पै लिही. कचरा." ते धापा टाकत होते. "माझ्या आधीची तीन भावंडं गेली. मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि भीक म्हणून आईच्या ओटीत घातलं. म्हणून मी पिच्चै. भिकेतला. यमाला भिकेतलं उचलायची लाज वाटते, कचऱ्याला तर तो हात लावत नाही. कचरा कोण नेतं?"

"नगरपालिका," तेन्मोळी म्हणाली.

आणि त्या तसल्या वेळी आम्ही तिघं हसलो. वेड्यासारखे हसलो.

हसता हसता मी टाइप केलं.

KUPPAI

पुढे जायचं बटण दाबलं.

अडलं नाही.

बत्तीस मिनिटं.

*

बसवून झालं, मशीन पुन्हा चालू झालं आणि एकदम सूर वाजला. नव्या एक्सपीचा. अण्णाचींच्या हातून पेला पडला. अकरा वर्षांनी त्या पेटीला तोंड फुटलं होतं.

मी आधी आवाज बंद केला.

माउस उजवा. देवीचा फोटो जागेवर. पान लावायचं सॉफ्टवेअर उघडलं. कोरं पान.

अक्काची वळणदार अक्षरं मी मुद्दाम टाकली नाहीत. साधी टाकली.

बुधवारी सकाळी आठपासून मी फोन हातात धरून बसलो. साडेनऊला तेन्मोळीचा आला.

"कोरं आहे," ती म्हणाली. "माउस पण सरळ."

संध्याकाळी अण्णाचींनी केळीच्या पानात गुंडाळून हलवा पाठवला. हात तुपानं माखेपर्यंत खाल्ला मी.

गुरुवारी सकाळीही काही नाही. दुपारी छापखाना बंद ठेवून अण्णाची तेन्मोळीला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेले.

शुक्रवारी प्रिंटर जोडायचा राहिला होता म्हणून गेलो. अकरा वाजले असतील. जिन्याखालची जागा रिकामी होती. मला वाटलं, बाजारातून फुलं यायला उशीर झाला असेल.

वर एक चाळिशीचा माणूस उभा होता. डोळे सुजलेले. तिरुप्पूरच्या गिरणीतून रात्रभर बसनं आलेला.

"आई गेली," तो म्हणाला. "काल दुपारी. इथेच खाली बसली होती, तुमच्या जिन्याशी. माळ ओवता ओवता कलंडली. बारा पोस्टरं हवीत."

पूक्कारम्माचा मुलगा.

अण्णाचींनी डोक्याला हात लावला. तेन्मोळीचे डोळे भरले. पदरानं पुसून ती मशीनसमोर बसली.

"नाव सांगा."

सतरा वर्षं ती बाई आमच्या जिन्याखाली बसत होती. नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"कुप्पम्माळ," तो म्हणाला.

तेन्मोळीचा हात माउसवर थांबला.

अण्णाचींनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे नाही.

"आज्जीनं ठेवलेलं," मुलगा सांगत होता. "आधीची पोरं जगत नव्हती म्हणून. घरात नुसतं कुप्पैच म्हणायचे. 'अम्माळ' मागाहून रेशनकार्डावर लागलं."

तेन्मोळीनं सॉफ्टवेअर उघडलं. उघडावंच लागणार होतं.

कोरं पान आलं नाही...

काळी चौकट. टिपूस गाळणारा डोळा. फोटोची जागा रिकामी. आणि अक्काच्या त्या वळणदार अक्षरांत, जी मी टाकलीच नव्हती, तमिळमध्ये...

कुप्पै

मरैवु: १९ जून २०१४.

मी इंग्रजीत टाइप केलं होतं.

कु. प्. पै. तमिळमध्ये तीन अक्षरं. रोज एक. मंगळ, बुध, गुरु. तेन्मोळी रोज कोरं पान बघत होती. लपवलेल्या फायली दाखवायची खूण मी नव्या मशीनवर केली नव्हती. आत काय लिहिलं जातंय ते कुणीच बघितलं नाही.

मुलगा पुढे झाला. पडद्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला तिचं घरातलं नाव ठाऊक होतं?" त्याला हुंदका आला. "असंच राहू द्या. हेच नाव छापा."

त्यानं अण्णाचींचे हात हातात घेतले. उपकार मानले. माझेही मानले.

आम्ही फोटो बसवला आणि बारा प्रती काढल्या. ओळींमधलं अंतर नीट होतं. काही सुधारावं लागलं नाही.

*

ते मशीन नंतर कुणी चालू केलं नाही. अण्णाचींनी ते पोत्यात बांधून माळ्यावर टाकलंय. मी फोडायला मागितलं, दिलं नाही. फोडलं तर काय होईल हे मला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही.

अक्का बोलावत होती की सावध करत होती, तेही माहीत नाही. तेन्मोळी म्हणते, सावध करत होती. नाहीतर स्पेसबार कशाला हाणला असता? अण्णाची या विषयावर बोलत नाहीत. तेन्मोळीला मुलगी झाली ऑगस्टमध्ये, धडधाकट. आम्ही कुणी पूक्कारम्माच्या मुलाला काही सांगितलेलं नाही.

मला मात्र अजून मशीनं बसवावी लागतात. मशीन नाव विचारतं. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, तुम्ही टाका. आणि बाहेर जाऊन उभा राहतो.

त्या मंगळवारी सकाळी पूक्कारम्मानं तेन्मोळीला मोगऱ्याची माळ एक हात जास्त मोजून दिली होती, पोटातलीसाठी, म्हणाली.